तीन यंत्रं, एक सुकाणू

चालू क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र जोडून एकासारख्या वापरलेल्या, तीन यंत्रांपैकी एकाची पिन सॉकेटमधून ओढून काढायची आणि घड्याळाकडे बघत बसायचं. सुरुवातीची चाळीस-पन्नास सेकंदं काहीच घडत नाही. स्क्रीनवर तिन्ही नोडांपुढे, म्हणजे यंत्रांपुढे, 'रेडी' असंच दिसतं, बंद पडलेल्या यंत्रापुढेही. मग तिथं 'नॉट रेडी' उमटतं. त्यानंतर पुन्हा शुकशुकाट, तोही तब्बल पाच मिनिटांचा. पाच मिनिटं सरली की त्या यंत्रावरचे पॉड, म्हणजे ॲपच्या चालत्या प्रती, 'टर्मिनेटिंग' दिसू लागतात आणि उरलेल्या दोन यंत्रांवर त्यांच्या बदल्यात नवे पॉड उभे राहतात. कुबरनेटिस, म्हणजे अनेक यंत्रांवर ॲप चालती ठेवणारं सॉफ्टवेअर, काय करतं हे कुठल्याही आकृतीपेक्षा या सहा मिनिटांत जास्त नीट कळतं.

इतका वेळ थांबण्याला कारण आहे. प्रत्येक नोडवरचा क्यूबलेट, म्हणजे कुबरनेटिसचा तिथला हस्तक, दर १० सेकंदांनी हजेरी लावतो. हजेरी चुकली म्हणजे यंत्र मेलंच असं नाही. केबल सैल असेल, स्विच रिस्टार्ट होत असेल, डिस्कवर क्षणभर ताण आला असेल. म्हणून आधी ४०-५० सेकंदांची सवलत, आणि मग प्रत्येक पॉडला आपोआप चिकटवलेली ३०० सेकंदांची मुदत. ही मुदत ३० सेकंदांवर आणता येते, पण स्विच जुनाट असेल तर दर हेलकाव्याला सगळे पॉड इकडून तिकडे धावतात. मुदत कमी करण्यापेक्षा ॲपचे दोन पॉड वेगवेगळ्या नोडांवर ठेवणं जास्त शहाणपणाचं. नोड 'नॉट रेडी' ठरताच सर्व्हिस, म्हणजे विनंत्या पॉडांमध्ये वाटणारा भाग, त्याच्यावरच्या पॉडकडे त्या पाठवणं थांबवते, त्यामुळे वापरणाऱ्याला त्रास होतो तो पहिल्या मिनिटाचा, सहा मिनिटांचा नव्हे.

कुबरनेटिस हा ग्रीक शब्द आहे, अर्थ सुकाणू धरणारा. कोकणच्या किनाऱ्यावर आपण त्याला तांडेल म्हणू. गूगलनं २०१४ साली हा प्रकल्प जाहीर केला, जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि त्याच्या बोधचिन्हावर सात आऱ्यांचं जहाजाचं चाक आहे. पण त्याचं आतलं वागणं सांगायला मला तांडेलापेक्षा देवळातला नंदादीप जवळचा वाटतो. गुरवाला कुणी 'आता तेल घाल' असं सांगत नाही. दिवा तेवता राहिला पाहिजे, एवढंच ठरलेलं असतं. तो येता-जाता बघतो, तेल खाली गेलं असेल तर घालतो, वात काजळली असेल तर पुढे सारतो, सगळं ठीक असेल तर हात लावत नाही. कुबरनेटिसमधला प्रत्येक कंट्रोलर अशाच फेऱ्या मारतो. म्हणून यामल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत आपण आज्ञा लिहीत नाही, स्थिती लिहितो: या ॲपचे दोन पॉड चालू असावेत, अमुक इमेजचे (ॲपच्या तयार गाठोड्याचे), अमुक पोर्टवर. सर्व्हरवर शिरून हातानं दुरुस्ती करायची सवय असलेल्यांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पॉड पुसला तर तो परत येतो. कंटेनरच्या, म्हणजे पॉडमधल्या ॲपच्या बंदिस्त खोलीच्या, आत शिरून फाइल बदलली तर पुढच्या रिस्टार्टला तो बदल गेलेला असतो. या स्वभावाशी झगडायचं नाही, हे एकदा मनाशी ठरवलं की पुढची सगळी मांडणी आपोआप सुचत जाते.

आता यंत्रं. माझं मत ठाम आहे: ऑफिसांतून वापरून निघालेले, जाडजूड पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप घ्यावेत. चार कोअर, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, असे तीन. लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर ऑनलाइन, पण घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे ॲडॅप्टर यंत्राचाच आहे ना. या यंत्रांची पिन आणि व्होल्टेज कंपनीगणिक बदलतं, आणि काही यंत्रं परका ॲडॅप्टर लावला की प्रोसेसरचा वेग गुपचूप खाली आणतात. दुसरी गोष्ट मदरबोर्डवरचा बटणसेल, सीआर २०३२. पाच-सहा वर्षं जुन्या यंत्रात तो बहुधा संपत आलेला असतो. तो संपला की वीज गेल्यावर बायोसच्या सेटिंगा आणि घड्याळ दोन्ही जातात. सेल अगदी स्वस्त मिळतो, तीनही यंत्रांत नवा घालून टाकावा. मग बायोसमध्ये जाऊन 'वीज परत आल्यावर सुरू व्हा' ही सेटिंग चालू करायची. पुण्यात गुरुवार म्हटलं की देखभालीसाठी वीज जाणं ठरलेलंच. वीज आल्यावर कुणीतरी जाऊन तीन बटणं दाबायची असतील तर त्या क्लस्टरचा उपयोग काय.

रास्पबेरी पायवरही क्लस्टर होतो, आणि शिकायला तो सुंदर आहे. फक्त एसडी कार्डावर एटसीडी चालवू नये. एटसीडी म्हणजे क्लस्टरची वही, प्रत्येक यंत्रावर तिची एकेक प्रत. प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर उतरली याची खात्री झाल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव नोंदी १० मिलिसेकंदांच्या आत उतरायला हव्यात. एसडी कार्ड मधूनच अर्धा-एक सेकंद अडतं. मूळ सेटिंगांत एटसीडीचा म्होरक्या दर १०० मिलिसेकंदांनी बाकीच्यांना 'मी आहे' असं सांगत असतो, आणि सेकंदभर त्याचा आवाज आला नाही की नवी निवडणूक सुरू होते. मग क्लस्टर दिवसभर निवडणुकाच घेत बसतो आणि आपण नेटवर्कमध्ये दोष शोधत राहतो. पाय वापरायचाच तर यूएसबीवर एसएसडी लावा. शिवाय बूट फोल्डरातल्या 'सीएमडीलाइन' फाइलीत मेमरी सीग्रुप, म्हणजे कंटेनरच्या रॅमला मर्यादा घालणारी लिनक्सची सोय, चालू करणारे शब्द जोडा. ती सगळी फाइल एकाच ओळीची असते. शब्द नव्या ओळीवर गेले तर ते वाचलेच जात नाहीत, के-थ्री-एस, म्हणजे आपण वापरणार ती कुबरनेटिसची छोटी आवृत्ती, सुरू होता होता पडतो आणि कारण समजत नाही. पाय ४ वर घड्याळाचा सेलही नसतो. वीज गेल्यावर तो जुन्या वेळेतच जागा होतो, आणि 'हे प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही' अशी विचित्र तक्रार येते. वेळ जुळवणारी क्रोनी सेवा आधी चालू झाली की ती तक्रार मिटते.

तीनच का? एटसीडीत निर्णय बहुमतानं होतो. तिघांत बहुमत दोघांचं, म्हणून एक गेला तरी चालतं. दोघांतही बहुमत दोघांचंच, म्हणजे एक गेला की काम थांबलं. दोन यंत्रांचा क्लस्टर एका यंत्रापेक्षा जास्त नाजूक असतो, कारण आता दोनांपैकी कुठलंही पडलं तरी अडतं. चारांत बहुमत तिघांचं, म्हणजे चौथ्या यंत्राचा खर्च करूनही तेवढंच मिळतं. इथं हेही सांगायला हवं की दोन-तीन ॲप चालवायची असतील आणि अर्धा तास बंद पडलेलं चालत असेल, तर एक यंत्र आणि डॉकर कंपोज हे एकाच यंत्रावर कंटेनर चालवणारं साधन पुरेसं आहे. क्लस्टर घ्यायचा तो यंत्र पडलेलं चालत नसेल म्हणून, किंवा हे तंत्र नीट शिकायचं आहे म्हणून. दोन्ही कारणं चांगली आहेत.

ऑपरेटिंग सिस्टिम एका यंत्रावर टाकून तिच्या डिस्कची नक्कल बाकी दोघांवर उतरवायचा मोह होतो. त्यात दोन सापळे आहेत. होस्टनेम तिन्हींचं एकच राहतं, आणि के-थ्री-एस दुसऱ्या नोडला 'नोड पासवर्ड नाकारला' म्हणून दारातच अडवतो. मशीन-आयडीही एकच राहतो, आणि उबंटू त्याच आयडीवरून राउटरकडे पत्ता मागत असल्यानं दोन यंत्रांना एकच आयपी मिळू शकतो. नक्कल केलीच तर दोन्ही बदला. त्यापेक्षा तीनदा स्वच्छ इन्स्टॉल केलेलं बरं, अर्ध्या तासाचं काम आहे. आयपी स्थिर ठेवा, कारण वीज आल्यावर यंत्रं अर्ध्या मिनिटात उठतात आणि राउटर अजून जागाच होत असतो.

यापुढे एकाही नोडवर शिरून हातानं काही टाकायचं नाही. इथं ॲन्सिबल येतं, एका जागेहून सगळ्या यंत्रांवर तीच कामं करणारं साधन. नोडवर त्याला वेगळं काही बसवावं लागत नाही, एसएसएच आणि पायथन एवढं पुरतं. एका फाइलीत तीन यंत्रांचे पत्ते, दुसरीत, म्हणजे प्लेबुकात, कामं: होस्टनेम, क्रोनी, लागणारी पॅकेजं, फायरवॉलमधली पोर्टं आणि के-थ्री-एसची कॉन्फिग फाइल. पोर्टांची यादी छोटी आहे पण एकही विसरून चालत नाही. एपीआयसाठी (क्लस्टरशी बोलायचं दार) ६४४३, क्यूबलेटसाठी १०२५०, एटसीडीसाठी २३७९ आणि २३८०, आणि नोडांमधल्या पॉडच्या वाहतुकीसाठी यूडीपी ८४७२. हे शेवटचं हमखास राहतं, कारण बाकी सगळी टीसीपी आहेत. राहिलं तर लक्षण मोठं फसवं असतं. तिन्ही नोड 'रेडी' दिसतात, एकाच नोडवरचे पॉड एकमेकांशी बोलतात, पण दुसऱ्या नोडवरच्या पॉडपर्यंत काही पोचत नाही. डीएनएसचा पॉड ज्या नोडवर असेल तिथलं सगळं चालतं आणि बाकीचं नाव सापडत नाही म्हणून रडतं.

के-थ्री-एस हा कुबरनेटिसचाच आटोपशीर अवतार. रँचर लॅब्जनं तो २०१९ साली आणला. सगळं एकाच बायनरीत, १०० एमबीच्या आत. कंटेनर चालवणारं कंटेनरडी, पॉडांचं नेटवर्क जोडणारं फ्लॅनेल, नावं शोधून देणारं कोअरडीएनएस, बाहेरच्या विनंत्या आत घेणारा ट्रॅफिक हा इन्ग्रेस, नोडच्याच डिस्कवर जागा देणारं लोकल-पाथ स्टोरेज, सगळं सोबत येतं. पहिल्या यंत्रावर सर्व्हर 'क्लस्टर-इनिट'सह सुरू करायचा. हे विसरलं तर तो एटसीडीऐवजी एसक्यूलाइट वापरतो आणि दुसरे सर्व्हर जोडता येत नाहीत. बाकी दोघांना पहिल्याचा पत्ता आणि टोकन, म्हणजे क्लस्टरमध्ये शिरायचा परवलीचा शब्द, द्यायचं. टोकन आपणच ठरवून कॉन्फिगमध्ये घालावं, लांबलचक. आवृत्तीही आकड्यानिशी बांधून टाकावी, नाहीतर सहा महिन्यांनी नवा नोड जोडताना त्यावर नवीच आवृत्ती उतरते. कुबरनेटिसचा नियम आहे की क्यूबलेट एपीआय सर्व्हरपेक्षा जुना चालतो, नवा नाही. आतल्या पत्त्यांचे पट्टे १०.४२ आणि १०.४३ पासून सुरू होतात. ऑफिसच्या व्हीपीएनचा पट्टा तोच असेल तर आत्ताच बदला. चालू क्लस्टरमध्ये ते बदलणं म्हणजे क्लस्टर नव्यानं बांधणंच.

मग लॅपटॉपवर क्यूबसीटीएल, क्लस्टरशी बोलायची आज्ञा. सर्व्हरवरून आणलेल्या तिच्या जोडणीच्या फाइलीत पत्ता १२७.०.०.१ असतो, तो नोडचा करायचा. 'क्यूबसीटीएल गेट नोड्स' म्हटल्यावर तीन ओळी आणि तीनदा 'रेडी' दिसलं की पहिला टप्पा झाला. पुढे एकदा अख्खं प्लेबुक पुन्हा चालवून बघायचं. 'चेंज्ड' शून्य आलं पाहिजे. शून्य येत नसेल तर कुठलं तरी काम दर वेळी नव्यानं घडतंय, आणि ते आज शोधणं पुढच्या वर्षी शोधण्यापेक्षा सोपं आहे.

ॲप उतरवण्यासाठी हेल्म. नावाचा अर्थ पुन्हा सुकाणूच. चार्ट म्हणजे साचा, आणि व्हॅल्यूज फाइलीत आपले आकडे. हेल्मचा रोलबॅक मोलाचा आहे, पण तो कुबरनेटिसमधल्या वस्तू मागे नेतो, डेटाबेस नाही. नव्या आवृत्तीनं टेबलातला रकाना काढून टाकला असेल तर मागे आलेलं जुनं ॲप तो रकाना शोधत कोसळतं. म्हणून रकाना काढायचा तो दोन हप्त्यांत: आधी ॲपनं त्याचा वापर थांबवायचा, मग पुढच्या खेपेला तो काढायचा.

हेल्मची आज्ञा लॅपटॉपवरून देणं हेही एका अर्थानं हातानंच काम करणं आहे. कुणी कुठल्या व्हॅल्यूज दिल्या ते त्याच्या लॅपटॉपवरच राहतं. म्हणून गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात (रिपॉझिटरीत), जे आहे तेच क्लस्टरमध्ये असावं, ही रीत. तिला गिटऑप्स म्हणतात. आर्गो सीडी किंवा फ्लक्स क्लस्टरच्या आत बसून रिपॉझिटरीकडे बघत राहतं. आर्गो साधारण दर तीन मिनिटांनी बघतं. पुन्हा तोच नंदादीप, फक्त आता तेलाची पातळी गिटमध्ये लिहिलेली. आर्गोच्या स्क्रीनवर कुठली वस्तू कुठे अडकली ते झाडासारखं दिसतं, शिकणाऱ्यासाठी ते फार चांगलं. फ्लक्स हलकं आहे, कमी रॅमच्या यंत्रांवर मी तेच निवडेन. दोन्हींत 'प्रून' ही सोय जपून वापरा. गिटमधून फोल्डर काढलं की क्लस्टरमधली वस्तू पुसली जाते. त्यात डिस्कची मागणी असेल तर लोकल-पाथ स्टोरेज त्याखालचा डेटाही पुसतं, कारण त्याचं ठरलेलं धोरणच 'डिलीट' आहे. डेटाबेसच्या डिस्कसाठी ते 'रिटेन' करून घ्या, आणि हे पहिल्याच दिवशी.

पासवर्ड गिटमध्ये उघडे टाकता येत नाहीत. कुबरनेटिसचं सीक्रेट फक्त बेस-६४ मध्ये लिहिलेलं असतं. ते कुलूप नाही, नुसती वेगळी लिपी आहे. सील्ड सीक्रेट्स वापरून ते खरंच कुलूपबंद करता येतं. त्याची किल्ली मात्र क्लस्टरच्या आतच जन्मते. ती बाहेर जपून ठेवली नाही तर क्लस्टरबरोबर किल्लीही गेली, आणि गिटमधली सगळी सीक्रेट्स कायमची बंद.

मग रोजचे बिघाड सुरू होतात. 'इमेज पुल बॅक ऑफ' म्हणजे इमेजचं नाव, टॅग किंवा रजिस्ट्रीचा (इमेजच्या कोठाराचा) पासवर्ड चुकलाय. 'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणजे इमेज एका जातीच्या प्रोसेसरची आणि यंत्र दुसऱ्या. पाय आणि इंटेलची सरमिसळ केली की हे येतंच. 'क्रॅश लूप बॅक ऑफ' म्हणजे कंटेनर उठतोय आणि पडतोय. कुबरनेटिस दर वेळी १०, २०, ४० सेकंद असं दुप्पट थांबत पाच मिनिटांपर्यंत जातं. तेव्हा चालू लॉग नव्हे, 'प्रीव्हियस' लावून आधीच्या कंटेनरचा लॉग बघायचा. मृत्यूचं कारण तिथं असतं. आणि १३७ हा आकडा दिसला की बहुधा रॅम संपलेली. शंका असेल तर 'डिस्क्राइब' करा, सगळ्यात खाली इव्हेंट्स असतात, आणि नेमकं तेच वाचायचं राहून जातं.

रॅमचं थोडं जास्त बोलावं लागेल. 'रिक्वेस्ट' म्हणजे राखून ठेवलेली जागा, 'लिमिट' म्हणजे छत. पॉड कुठल्या नोडवर जाईल ते ठरवणारा शेड्यूलर फक्त रिक्वेस्ट बघतो. ती लिहिलीच नाही तर सगळे पॉड त्याला फुकटचे वाटतात आणि एका नोडवर गर्दी होते. तीन नोडांच्या क्लस्टरमध्ये एक पडला की त्याचा भार दोघांवर येणार, म्हणून सगळ्या रिक्वेस्टांची बेरीज एकूण रॅमच्या दोन तृतीयांशाच्या आत ठेवायची. ४८ जीबीतले ३२, आणि त्यातूनही सिस्टिमसाठी काही सोडलेले. ती ओलांडली तर पिन काढल्यावर नवे पॉड 'पेंडिंग'मध्येच बसून राहतात, आणि ज्यासाठी तीन यंत्रं घेतली तेच साधत नाही.

लाइव्हनेस प्रोबबाबत, म्हणजे पॉड जिवंत नसल्यास तो रिस्टार्ट करायला लावणाऱ्या तपासणीबाबत, एक कळकळीची विनंती. त्यात डेटाबेसची तपासणी घालू नका. डेटाबेस दहा सेकंद मंदावला की सगळे पॉड एकदम 'आजारी' ठरतात, सगळे रिस्टार्ट होतात, आणि उठता उठता त्याच मंदावलेल्या डेटाबेसवर तुटून पडतात. ती तपासणी रेडीनेसमध्ये, म्हणजे पॉड विनंत्या घ्यायला तयार आहे का हे बघणाऱ्या प्रोबमध्ये, शोभते. तिथं फक्त विनंत्या थांबतात, पॉड जिवंत राहतो.

डेटाबेस क्लस्टरमध्ये ठेवावा का? लोकल-पाथची डिस्क एका नोडला बांधलेली असते, तो नोड गेला की पॉड दुसरीकडे जाऊच शकत नाही. लाँगहॉर्न हे स्टोरेज तीन नोडांवर तीन प्रती ठेवतं, पण गिगाबिट स्विचवरून सेकंदाला जेमतेम ११०-१२० एमबी जातात आणि प्रत्येक लेखन त्याच तारेवरून दोनदा बाहेर पडतं. शिवाय स्टेटफुलसेटमधला, म्हणजे स्वतःचं ठरलेलं नाव आणि डिस्क असलेला, पॉड नोड बेपत्ता झाल्यावर पाच मिनिटांनीही आपोआप हलत नाही. जुना खरंच मेला की नुसता तुटला हे कळत नसताना दुसरा उभा केला तर एकाच डेटावर दोघं लिहू लागतील, ही भीती रास्त आहे. माणसानं बघून 'तो नोड गेलाच' असं सांगितल्यावरच तो हलतो. छोट्या क्लस्टरसाठी मला लोकल-पाथ आणि रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर घेतलेला डंप (डेटाबेसची प्रत), हीच जोडी पटते.

वर्षातून तीनदा कुबरनेटिसची नवी आवृत्ती येते आणि एकेक आवृत्ती साधारण चौदा महिने सांभाळली जाते. मधली आवृत्ती गाळून उडी मारायची नाही. एक नोड रिकामा करायचा, अपग्रेड करायचा, परत घ्यायचा, मग दुसरा. ॲन्सिबलमध्ये एका वेळी एकच यंत्र असं सांगता येतं. रिकामा करताना 'ड्रेन' तासभर अडून बसलं तर बहुधा कुणीतरी एकच पॉड असलेल्या ॲपला 'किमान एक हवाच' असं बजेट दिलेलं असतं. एकातला एक काढताच येत नाही, म्हणून ते वाट बघत राहतं. नोड परत आला की त्यावर पॉड आपोआप परतत नाहीत, शेड्यूलर चालू पॉड हलवत नाही. तो रिकामा दिसला तर घाबरू नका. डिप्लॉयमेंट, म्हणजे एका ॲपच्या पॉडांची मांडणी, रिस्टार्ट केली की नवे पॉड पुन्हा वाटले जातात.

आणि शेवटी सगळं मोडून पुन्हा बांधायची तालीम. आधी एकच नोड: क्यूबसीटीएलनं तो क्लस्टरमधून काढा, अनइन्स्टॉलची स्क्रिप्ट चालवा, प्लेबुकनं परत जोडा. काढायचं विसरून नुसता पुसला तर त्याच नावानं परत येताना एटसीडी त्याला घेत नाही. ते जमलं की तिन्ही. के-थ्री-एस दर बारा तासांनी एटसीडीची प्रत काढतं आणि शेवटच्या पाच ठेवतं, पण त्याच यंत्राच्या डिस्कवर. त्या रोज बाहेर न्यायला हव्यात. प्रतीवरून उभं करायचं तर 'क्लस्टर-रीसेट' एका यंत्रावर, बाकी दोघांचा जुना एटसीडीचा फोल्डर पुसून ते नव्यानं जोडायचे. आणि त्यासाठी जुनंच टोकन लागतं, कारण प्रतीतला नाजूक भाग त्याच टोकननं बंद केलेला असतो. पहिल्या तालमीत हमखास काहीतरी राहिलेलं सापडतं: राउटरमध्ये हातानं घातलेली डीएनएसची नोंद, कुणाच्या तरी लॅपटॉपवरची व्हॅल्यूज फाइल, डंप होतोय पण परत वाचून कुणी बघितलाच नाही. सापडेल ते प्लेबुकात किंवा गिटमध्ये जातं आणि तालीम पुन्हा होते.

गिटमध्ये न जाणाऱ्या गोष्टी दोनच उरतात, टोकन आणि सील्ड सीक्रेट्सची किल्ली. एक पेनड्राइव्ह आणि एक छापील कागद, त्यावर तारीख, एका पाकिटात, यंत्रांपासून दूरच्या कपाटात.